शीत संमीलन म्हणावे की आणखी काही? एका नावाची तपासणी



फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस लागोपाठ येतात. २७ तारखेला कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, आणि २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन. दोन्हींचा मिळून एकच कार्यक्रम करावा असे मंडळात ठरले. आपल्या नारायणगुड्यातली मुले शाळेत विज्ञान इंग्रजीत शिकतात, खाली मित्रांशी तेलुगू बोलतात आणि घरी आजीशी मराठी. तेव्हा विज्ञानातले पन्नास शब्द मराठीत लिहायचे, प्रत्येकाखाली दोन ओळींचा अर्थ द्यायचा आणि त्या पाट्या सभागृहाच्या भिंतीवर लावायच्या असा बेत होता. यादी करण्याचे काम आमच्यावर आले. आम्ही बी.कॉम., उभे आयुष्य बँकेत गेलेले. पण निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि मंडळात तेवढी पात्रता पुरते.

एकोणपन्नास पाट्या झाल्या. पन्नासाव्या पाटीवर गाडी अडली. एका कॉलेजकुमाराने 'कोल्ड फ्यूजन' हा शब्द सुचवला होता. फ्यूजनला मराठीत संमीलन म्हणतात, म्हणून आम्ही 'शीत संमीलन' असे लिहून टाकले. पाटी वाचून चौथीतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, हे थंडीत भरणारं स्नेहसंमेलन आहे का?" सगळे हसले, आम्हीही हसलो.

तेवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिला नसता. त्याच आठवड्यात आपले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एक गुळगुळीत कागदाचे पत्रक घेऊन घरी आले. कोल्ड फ्यूजनवर चालणारे घरगुती यंत्र लवकरच येणार, विजेचे बिल शून्य होणार आणि आज आगाऊ रक्कम भरणाऱ्यांना धंद्यात हिस्सा मिळणार, असे त्यात लिहिले होते. अण्णांच्या दुसऱ्या हातात चेकबुक होते. म्हणाले, "तुम्ही बँकवाले, म्हणून विचारतो. एवढं शास्त्रीय नाव आहे, म्हणजे अगदीच खोटं नसेल ना?"

चेक फाडू नका, एवढे आम्ही सांगितले. पण का फाडू नये, हे त्या दिवशी धड सांगता आले नाही. नंतर आम्ही वाचले, मंडळातल्या जाणकारांना विचारले आणि लक्षात आले की या विषयात निम्मा घोटाळा नावाचाच आहे. शास्त्रज्ञसुद्धा पस्तीस वर्षे याला काय म्हणावे यावर वाद घालत आहेत. जे समजले ते इथे मांडतो.

२३ मार्च १९८९

आधी संमीलन म्हणजे काय ते पाहू. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यावर धन विद्युतभार असतो. दोन केंद्रके जवळ आणू लागलो की ती एकमेकांना जोराने दूर ढकलतात. हा विरोध मोडून ती एकत्र आली तर नवे केंद्रक बनते आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. सूर्याच्या पोटात हेच चालते. तिथले तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे आणि वर दाबही अफाट. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून 'ईटर' नावाची भट्टी बांधत आहेत. भारतही त्यात भागीदार आहे. तिथे सुमारे १५ कोटी अंश तापमान गाठायचे आहे. थोडक्यात, संमीलन ही अतिशय तप्त गोष्ट आहे.

अशा वेळी २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. त्यांनी काचेच्या भांड्यात जड पाणी घेतले होते. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन, असला की ते जड पाणी. आपल्याकडे तेलंगणातच मणुगुरूला जड पाण्याचा मोठा कारखाना आहे, कारण आपल्या बऱ्याच अणुभट्ट्यांना ते लागते. त्या भांड्यात पॅलेडियम धातूची कांडी बुडवून वीज सोडली. पॅलेडियम हा हायड्रोजनचा मोठा खादाड धातू आहे. स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेकडो पट हायड्रोजन वायू तो पोटात घेतो. ड्यूटेरियम असा धातूत कोंबला गेल्यावर, जेवढी वीज आत घातली त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर आली, असा त्या दोघांचा दावा होता. ही उष्णता रासायनिक क्रियेतून येण्याइतकी लहान नाही, म्हणून ती केंद्रकांच्या संमीलनातूनच आली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

जगभर खळबळ उडाली. मोठमोठ्या प्रयोगशाळांनी प्रयोग करून पाहिले. काहींना काही सापडले, बहुतेकांना काहीच सापडले नाही. ज्यांना सापडले त्यांना ते दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवता येईना. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नेमलेल्या मंडळाने दावा पटण्याजोगा नसल्याचे सांगितले. पुढे 'कोल्ड फ्यूजन' हा शब्द विज्ञानाच्या जगात चेष्टेचा विषय झाला.

एक बारकावा इथेच सांगतो. हे नाव या दोघांच्या प्रयोगासाठी तयारच झालेले नव्हते. म्युऑन नावाच्या कणाच्या मदतीने कमी तापमानातही संमीलन घडवता येते आणि ती गोष्ट सर्वमान्य आहे. १९५६ साली लुइस अल्वारेझ यांना ते प्रयोगात दिसले, तेव्हाच वृत्तपत्रात 'कोल्ड फ्यूजन' हा शब्द आला होता. म्हणजे एका सिद्ध गोष्टीचे नाव दुसऱ्या, सिद्ध न झालेल्या गोष्टीला चिकटले. एका खातेदाराची सही दुसऱ्याच्या कार्डावर चिकटवल्यासारखा हा प्रकार.

तुर्भ्याची नोंद

यात मुंबईचा मोठा भाग आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार. युटाची बातमी आल्यावर काही आठवड्यांतच तुर्भ्यात दहा-बारा पथके या कामाला लागली. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल डिसेंबर १९८९ मध्ये निघाला.

तुर्भ्याचे वैशिष्ट्य असे, की तिथे भर उष्णतेवर नव्हता. जड पाण्याच्या अणुभट्ट्या चालवणाऱ्यांना ट्रिटियम मोजणे हे रोजचे काम. ट्रिटियम हा हायड्रोजनचा तिप्पट वजनाचा, किरणोत्सारी भाऊ. तुर्भ्याच्या पथकांनी भांड्यात ट्रिटियम आणि न्यूट्रॉन शोधले, आणि दोन्ही सापडल्याचे अहवालात नोंदवले. पण हिशेब विचित्र होता. ड्यूटेरियमच्या दोन केंद्रकांचे नेहमीचे संमीलन झाले तर साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन निघतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम बनते. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या पडायला हव्यात. तुर्भ्यात न्यूट्रॉन ट्रिटियमच्या मानाने कोट्यवधी पटींनी कमी होते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर नावे आणि जमा यांचा मेळच नाही. मग एक तर मोजणीत चूक आहे, किंवा जे चालले आहे ते आपल्याला माहीत असलेले संमीलन नाही. दोन्ही पर्यायांत 'संमीलन' हे नाव अडचणीत येते.

पुढे १९९०च्या दशकात तुर्भ्यातले हे काम थांबले. तरी विषय देशातून पूर्ण गेला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईत भरली. त्याच वर्षी डिसेंबरात अय्यंगार गेले. २०१५ साली बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकाने या विषयावर एक खास विभाग छापला. त्याच्या संपादकांतही श्रीनिवासन होते.

नावात नेमके काय चुकते

'शीत' आणि 'संमीलन', दोन्ही शब्दांना आक्षेप आहे.

'शीत' का? कोटी अंशांच्या तुलनेत भांड्यातले पाणी थंड, म्हणून. पण सामान्य माणूस तुलना सूर्याशी करत नाही, फ्रिजशी करतो. आणि दावा तर उष्णता निघण्याचा आहे.

'संमीलन' हा आक्षेप जास्त गंभीर. ड्यूटेरियमच्या नेहमीच्या संमीलनातून फक्त एक वॉट उष्णता मिळवायची तर दर सेकंदाला एक लाख कोटींच्या वर संमीलने व्हावी लागतील, आणि त्यातून जवळपास तितक्याच प्रमाणात न्यूट्रॉन बाहेर पडतील. फ्लाइशमन-पॉन्स यांचा दावा याहून मोठ्या उष्णतेचा होता. इतके न्यूट्रॉन निघाले असते तर भांड्याजवळ उभी असलेली माणसे धडधाकट राहिली नसती, असे टीकाकार तेव्हापासून म्हणत आले आहेत. माणसे तर ठणठणीत होती. म्हणजे उष्णता खरी असलीच, तरी ती ओळखीच्या संमीलनातून आलेली नाही. ज्याची खात्री नाही तीच गोष्ट नावात पक्की करून टाकली, हा या नावाचा मूळ दोष.

बँकेत आम्ही हे रोज टाळत होतो. संध्याकाळी कॅशियरच्या पेटीत पाचशे रुपये जास्त निघाले तर आधी पुन्हा मोजायचे. मग सगळ्या पावत्या पुन्हा बेरजेला लावायच्या. तरीही पाचशे जास्तच राहिले तर ते 'जादा रोकड' म्हणून सस्पेन्स खात्यात जमा करायचे. हिंदी विभागाच्या शब्दावलीत त्याला उचंत खाते म्हणत. त्या नोंदीत 'ग्राहकाची चूक' असे लिहायचे नाही, 'कॅशियरची लबाडी' असेही नाही, आणि 'बँकेचा नफा' तर मुळीच नाही. कारण ठरेल तेव्हा योग्य खात्यात वर्ग करायचे. तोवर फक्त जे दिसले ते लिहायचे. युटातल्या त्या दोघांनी सस्पेन्सची रक्कम पहिल्याच दिवशी नफ्यात जमा केली, असे आमचे बँकवाल्याचे मत.

बारशी अनेक झाली

चेष्टा टाळण्यासाठी आणि चूक सुधारण्यासाठी अभ्यासकांनी पुढे बरीच नावे पुढे केली. मुख्य तेवढी घेऊन प्रत्येकाची थोडी तपासणी करू.

पहिले, 'फ्लाइशमन-पॉन्स परिणाम'. रामन परिणामासारखे माणसांच्या नावाने. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांना जे दिसले त्याच्या नावात कारणाबद्दल काहीच दावा नाही, म्हणून ते नाव निर्धोक आहे. पण रामन यांचा परिणाम कुणालाही, कुठेही, पुन्हा दाखवता येतो. इथे तेच तर झालेले नाही. शिवाय तुर्भ्याचे ट्रिटियम या नावात बसत नाही.

दुसरे, 'लो एनर्जी न्यूक्लिअर रिअ‍ॅक्शन', म्हणजे अल्प-ऊर्जा केंद्रकीय अभिक्रिया. आज सर्वांत जास्त हेच चालते. यातले 'अल्प' हे आत घातलेल्या ऊर्जेबद्दल आहे, पण मराठीत ऐकणाऱ्याला वाटते की यातून ऊर्जाच थोडी मिळते. आम्ही चार जणांना विचारले, चौघांनाही तसेच वाटले. शिवाय 'केंद्रकीय' हा निष्कर्ष त्यातही आधीच गृहीत धरला आहे.

तिसरे, 'लॅटिस असिस्टेड', म्हणजे धातूच्या जाळीच्या साहाय्याने होणारी केंद्रकीय अभिक्रिया. धातूतले अणू जाळीसारखे रचलेले असतात, ती ही जाळी. हे नाव एक पायरी पुढे जाऊन क्रिया कशी घडते तेही सांगते. ते कुणाला नक्की माहीत नाही.

चौथे, 'कंडेन्स्ड मॅटर न्यूक्लिअर सायन्स', म्हणजे घन आणि द्रव पदार्थांतले केंद्रकीय विज्ञान. संशोधकांची आंतरराष्ट्रीय संस्था आणि त्यांचे नियतकालिक याच नावाने चालते. ऐकायला भारदस्त आहे आणि अभ्यासाच्या क्षेत्राचे नाव म्हणून ठीक. पण गंमत अशी, की परिषदेच्या नावाची आद्याक्षरे मात्र जुनी, कोल्ड फ्यूजनचीच राहिली. सवयीपुढे कुणाचे चालत नाही.

पाचवे जपानचे. १९९०च्या दशकात तिथल्या सरकारने या संशोधनाला काही वर्षे पैसा दिला, तो 'नवी हायड्रोजन ऊर्जा' या नावाखाली. खर्च मंजूर करून घ्यायला हे नाव उत्तम. पण ऊर्जा मिळणार हे त्यात आधीच मान्य करून टाकले आहे. कार्यक्रम संपला, हाती ऊर्जा आली नाही.

सहावे, 'अनॉमलस हीट', म्हणजे विसंगत किंवा अनाकलित उष्णता. हे आमच्या जादा रोकडीच्या सर्वांत जवळचे. जे दिसले तेवढेच सांगते. एक शंका मात्र आहे. विसंगती सुटल्यावर ते नाव काढतो कोण? चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या रेषा फुटण्याचा एक प्रकार 'विसंगत झीमन परिणाम' म्हणून ओळखला जातो. १९२५ साली इलेक्ट्रॉनच्या फिरकीची कल्पना आली आणि कोडे सुटले. शंभर वर्षे झाली, नाव अजून विसंगतच आहे.

नाव बदलले म्हणून शिल्लक बदलत नाही

आता उलट बाजूही पाहिली पाहिजे. नाव बदलणे हा कधी प्रामाणिकपणा असतो, कधी रंगसफेदी.

प्रामाणिक बदलाचे उदाहरण सगळ्यांनी पाहिलेले आहे. एमआरआय तपासणीचे मूळ तत्त्व 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स'. न्यूक्लिअर म्हटले की रुग्णाला बॉम्ब आणि किरणोत्सार आठवतो. या तपासणीत किरणोत्सार अजिबात नाही, म्हणून तो शब्द गाळला. नावाने खोटी भीती काढली, तपासणी तीच राहिली.

बँकेतले उदाहरण एनपीएचे. पूर्वी 'बुडीत आणि संशयित कर्जे' म्हणायचे, आणि कुणाला बुडीत म्हणायचे यावर मॅनेजरची मर्जी चाले. १९९१च्या नरसिंहम समितीनंतर 'नॉन परफॉर्मिंग अ‍ॅसेट' आले. ९० दिवस हप्ता किंवा व्याज थकले की खाते एनपीए. कर्जदार लबाड आहे की पावसाने त्याचा घात केला, याबद्दल नाव काही बोलत नाही. मोजता येणारी एकच गोष्ट सांगते. असे नाव आम्हाला आवडते.

रंगसफेदीचे उदाहरणही बँकेतलेच. थकलेले कर्ज फेडायला त्याच माणसाला नवे कर्ज द्यायचे आणि खाते ताजेतवाने दाखवायचे. याला एव्हरग्रीनिंग म्हणतात. खात्याचे नाव नवे, आतला रोग जुनाच. कोल्ड फ्यूजनची नावे बदलणाऱ्यांवर टीकाकारांचा आरोप नेमका हाच आहे. तो पूर्णपणे खोटाही म्हणता येत नाही आणि सगळ्यांना लागूही होत नाही. २०१७ साली १ एप्रिलला आपली स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा पासबुकावरचे नाव बदलले. आपली शिल्लक रुपयाने वाढली नाही की घटली नाही. पुराव्याचेही तसेच. नाव कोणतेही द्या, पुरावा जेवढा आहे तेवढाच राहतो.

पुरावा किती आहे, तेही सांगायला हवे. गूगलच्या पैशाने सुमारे तीस संशोधकांनी काही वर्षे हे प्रयोग काळजीपूर्वक केले. २०१९ साली 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिले की असा परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही, मात्र धातू आणि हायड्रोजन यांबद्दल उपयोगी गोष्टी शिकायला मिळाल्या. २०२३ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एका शाखेने आठ पथकांना मिळून सुमारे एक कोटी डॉलर दिले, कशासाठी, तर हा प्रश्न एकदाचा धसाला लावण्यासाठी. म्हणजे खाते बंद झालेले नाही, पण त्यात जमा रक्कमही दिसत नाही. बाजारात विकत घेता येईल असे यंत्र तर कुठेच नाही.

क्ष आणि एन

मंडळातल्या एका ताईंनी, त्या गणित शिकवत असत, एक सुंदर सूचना केली. त्या म्हणाल्या, "माहीत नसलेल्याला आपण क्ष म्हणतो. मग याला 'क्ष-परिणाम' म्हणा ना." १८९५ साली रंटगेनना जे किरण दिसले ते काय आहेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी बीजगणितातले अक्षर दिले. मराठीने त्याचे 'क्ष-किरण' केले. पुढे किरणांचे कोडे उलगडले, तरी नाव आजही अडत नाही, कारण त्यात खोटे काही नव्हतेच.

आम्ही जवळजवळ मान्य केले होते. पण एन-किरणांची गोष्ट आठवली. १९०३ साली फ्रान्समधल्या नॅन्सी गावच्या ब्लाँडलो या नामांकित प्राध्यापकांनी नवे किरण सापडल्याचे जाहीर केले आणि गावाच्या नावावरून त्यांना एन-किरण म्हटले. अनेकांना ते दिसूही लागले. १९०४ साली अमेरिकेहून रॉबर्ट वुड पाहायला गेले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला, तरी प्राध्यापकांना किरण दिसतच राहिले. किरण नव्हतेच. रुबाबदार नाव मिळाले की नसलेली वस्तूही काही काळ नांदते. क्ष आणि एन यांत नावाच्या गुणाने फरक पडला नाही, पुन्हा तपासून पाहण्याने पडला.

आणि 'क्ष'बद्दल आणखी एक धास्ती वाटली. 'क्ष-ऊर्जा' हे शब्द अण्णांच्या पत्रकावर कसे शोभले असते, याची कल्पना करा!

अगदी योग्य नाव सापडतेच असेही नाही. विश्वाच्या आरंभाला 'बिग बँग' हे नाव फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली रेडिओवर बोलताना दिले, आणि ते स्वतः तो सिद्धांत मानत नव्हते. आपल्या जयंत नारळीकरांचे हे गुरू. त्याला मराठीत आपण 'महास्फोट' म्हणतो. स्फोट म्हटले की एका जागी काहीतरी फुटले असे वाटते. तसे ते नव्हते. १९९३ साली एका अमेरिकन खगोल मासिकाने चांगल्या नावासाठी स्पर्धा ठेवली. १३,०९९ नावे आली. परीक्षकांत कार्ल सेगन होते. त्यांना एकही नाव पसंत पडले नाही, आणि बिग बँगच राहिले.

आमची पाटी

मग पन्नासाव्या पाटीचे काय? आम्ही चार कसोट्या लावल्या. नावाने जे दिसले ते सांगावे, जे मानले ते नको. त्यातून खोटी भीती किंवा खोटे आश्वासन निघू नये. आठवीतल्या मुलाला ते एकदा ऐकून उलटे समजू नये. आणि उद्या निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी त्या नावामुळे कुणाला खाली मान घालावी लागू नये.

आमचा पहिला शब्द 'जादा उष्णता' होता. अणुऊर्जा खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी तो अडवला. म्हणाले, "आमच्या तुर्भ्याच्या लोकांनी उष्णता नाही, ट्रिटियम मोजलं. त्यांना कुठे बसवणार?" बरोबर होते. उष्णता असो, ट्रिटियम असो की न्यूट्रॉन, सगळ्यांत समान गोष्ट एकच, की धातूत हायड्रोजन शिरल्यावर हिशेब जुळत नाही असे काहींचे म्हणणे आहे. हिशेब न जुळण्याला आमच्याकडे जुना शब्द आहे, तफावत. हा शब्द इथे जुन्या शहरातल्या उर्दू बोलणाऱ्यालाही कळतो. जमा, वसूल, बाकी यांच्यासोबत तो अरबी-फारसीतून मराठीत आला आणि आपल्या वह्यांत घर करून बसला. तफावत म्हणताना ती चुकीची की खरी, हे आपण बोलत नाही. मोजणीत चूक सापडली तरी ती तफावतच होती, आणि नवे विज्ञान निघाले तरी ती तफावतच होती.

तेव्हा पाटीवर असे लिहिले: "धातु-हायड्रोजन तफावत. रूढ नाव शीत संमीलन. पॅलेडियमसारख्या धातूत जड हायड्रोजन शिरल्यावर हिशेबापेक्षा जास्त उष्णता किंवा ट्रिटियम मिळते असा दावा. १९८९ पासून तपासणी चालू. सिद्ध नाही."

नाव रुक्ष आहे, असे कार्यक्रमात दोघा-तिघांनी बोलून दाखवले. आम्हालाही ते मान्य आहे. पण बँकेत आम्ही पाहिले आहे की माणसे रुक्ष नावांना फसत नाहीत. सुवर्ण, अमृत, शुभलाभ अशा नावांच्या योजनांत बुडालेले ठेवीदार आमच्या टेबलासमोर बसून रडले आहेत. सस्पेन्स खात्यात कुणी स्वतःहून पैसे घातल्याचे आठवत नाही.

आणि यात प्रामाणिक संशोधकाचाही फायदा आहे. शीत संमीलनावर काम करतो म्हणणाऱ्याकडे लोक एक तर देव म्हणून पाहतात, नाही तर भोंदू म्हणून. तफावत तपासतो म्हणणारा माणूस मात्र सरळ आपले काम करू शकतो. आम्ही आयुष्यभर तेच केले, आणि कुणी आम्हाला हसले नाही.

विज्ञान दिनाच्या संध्याकाळी अण्णा आले होते. चष्मा वर करून त्यांनी पन्नासावी पाटी दोनदा वाचली. आम्ही विचारले, "अण्णा, पत्रकावर 'धातु-हायड्रोजन तफावत योजना' असं छापलं असतं, तर चेकबुक काढलं असतं का हो?"

अण्णा म्हणाले, "छे हो. तफावतीत कोण पैसे घालतो?"

मग खिशातून ते पत्रक काढून त्यांनी घडी घातली आणि नातवाला पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढायला दिले. अजून एक्कावन्नावी पाटी रिकामी आहे. कुणाला शब्द सुचवायचा असेल तर मंडळात जरूर कळवावे. मात्र नाव सुचवताना त्या गोष्टीबद्दल नेमके काय ठाऊक आहे, हे दोन ओळींत सोबत लिहावे, ही विनंती.